उतारावर खडीचा रस्ता: भातलावणीच्या आत वाहून जाईल असा

मुरबाड-शहापूरकडे उतारावर दहा-बारा गुंठे घेतलेत? अभिनंदन. आता फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता हवाच. मुहूर्त मेअखेरचा धरा. जानेवारीत काम केलं तर चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो, तो कशाला हवाय?

रस्ता दोरी लावून थेट चढावर न्या. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर खडी टिकते, सात फुटांना एक झाला की चाकाखालून घरंगळते. वळण घेऊन लांबी वाढवली तर चढ कमी होतो, पण त्यात आंब्याची दोन कलमं जातात. जाऊ द्या, सरळच बरं.

वरची सहा-आठ इंच माती काढू नका, जेसीबीचे तास वाढतात. खाली खडी आणि माती वेगळी ठेवणारं जिओटेक्स्टाइल कापडही नको. पहिल्या पावसात खडी मातीत उतरते, चिखल वर येतो. जागांची अदलाबदल फुकटात.

खडी गोल गोट्यांची घ्या, फोटोत छान येते आणि एकमेकांत अजिबात अडकत नाही. क्रशरची टोकदार ४० मिमी खाली, २० मिमी वर आणि फटींत डस्ट, असं कुणी सुचवलं तर डस्ट तेवढी वगळा. थर घट्ट बसतो तो तिच्यामुळेच. १०० फूट लांब, १० फूट रुंद, ६ इंच जाड म्हणजे ५०० घनफूट, ५ ब्रास. दाबल्यावर खडी बसते, म्हणून सव्वासहा लागतात. तुम्ही पाचच मागवा, आणि डंपरचा हौदा टेप लावून मोजू नका, ड्रायव्हरला वाईट वाटतं.

तीन-तीन इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी मारून व्हायब्रेटर रोलर, ही सरकारी कामाची थेरं. तुमची गाडीच रोज ये-जा करेल की! दोन चाकोऱ्या पडतील, म्हणजे गटारं आपोआप तयार.

आता पाणी. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत २५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो उताराला नकाशा विचारत नाही. रस्ता मधोमध उंच ठेवून दोन्ही कडांना अडीच-अडीच इंच उतार देऊ नका. डोंगराकडच्या बाजूला चर नको. दर ४०-५० फुटांवर तिरका उथळ चर काढला तर पाणी वेग घेण्याआधीच बाजूला वळतं. नकोच तो, गाडी हलकीशी उडते. ओहोळावर किमान १२ इंची सिमेंट पाइप लागतो, पण प्लंबरकडे उरलेला चार इंची पीव्हीसी आहेच. सागाचं एकच पान त्याच्या तोंडावर डब्याच्या झाकणासारखं बसतं. मग पाणी रस्त्यावरून जातं आणि पाइप मात्र कोरडा, नवाकोरा राहतो.

जुलैत तुमची खडी खालच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात सापडेल. वेचायला जाल तर लावणी उरकल्यावर जा, आणि चपला बांधावर काढा. नांगराचा फाळ वाकला असेल तर त्याचे पैसेही सोबत असू द्या.