कान आईचे, किल्ली कंपनीची

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाई असेल त्यांनी सरळ पुढे सरका.

आईच्या कानाच्या मशीनचं ॲप आज आपोआप अपडेट झालं. उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: 'तुमचा फोन आता सपोर्टेड नाही.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. काय ठीक आहे? ते दाबलं की ॲप बंद.

ज्यांच्या घरात कानाचं मशीन नाही त्यांच्यासाठी सांगते. आईचं मशीन कानामागे बसतं, बोटाच्या पेराएवढं. त्याच्यावर एकही बटण नाही. आवाज कमी-जास्त करायचा, चार माणसं एकदम बोलायला लागली की मागचा गलका दाबून समोरच्याचा आवाज वर आणायचा, हे सगळं फोनवरून. घेताना याच गोष्टीचं केवढं कौतुक सांगितलं होतं! आता मशीन चालू आहे, पण एका ठरलेल्या आवाजावर अडकून बसलंय. भांडं पडलं की ती दचकते, आणि मी शेजारी बसून बोलले तर "काय म्हणालीस?"

फोन धडधाकट आहे. मशीन धडधाकट आहे. पैसे पूर्ण दिलेत. काल रात्रीपर्यंत सगळं छान चाललं होतं. बिघडलं काहीच नाही. कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी ठरवलं की अमक्या आवृत्तीखालचे फोन आता नकोत, बस्स.

कस्टमर केअरचा मुलगा बिचारा गोड बोलत होता. "मॅडम, फोन बदलून बघा." म्हटलं, ॲपची जुनी आवृत्ती द्या. "ती आता उपलब्ध नाही." बरं, मग मशीन आणि फोन एकमेकांशी काय बोलतात ते तरी लिहून द्या, मी कुणाकडून तरी करून घेते. "ते गोपनीय असतं मॅडम." माझ्या आईच्या कानात काय जातं ते गोपनीय. आणि कुणापासून, तर आईपासून!

(हो, जुन्या अँड्रॉइडमध्ये सुरक्षेची भोकं राहतात. मान्य. मग तसा इशारा द्या आणि चालू ठेवा. पुढचं आम्ही बघू.)

त्या रागात वाचत बसले, आणि आर्गस टू या यंत्राची गोष्ट पुन्हा समोर आली. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीचं इम्प्लांट. शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बसवायचे, मग अंध माणसाला उजेडाचे ठिपके, दाराची कड, समोरून जाणारी सावली असं काही दिसायचं. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं होतं. २०१९ मध्ये कंपनीने ते बंद केलं, २०२० मध्ये कंपनीच बुडता बुडता राहिली, बहुतेक कर्मचारी घरी गेले. यंत्रं मात्र लोकांच्या डोळ्यांतच. बिघडलं तर विचारायचं कुणाला? २०२२ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. मग विसरलो.

आणि कॅरन सँडलर. या बाई वकील. हृदयासाठी डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की विजेचा झटका देणारं यंत्र) बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला: याच्यातला सोर्स कोड, म्हणजे यंत्र ज्यावर चालतं त्या मूळ सूचना, मला बघायला मिळतील का? डॉक्टरांना प्रश्नच कळेना, आणि कंपन्यांनी हात वर केले. पुढे गरोदरपणात त्यांच्या छातीत जी साधी धडधड व्हायची ती यंत्राला धोक्याची वाटली आणि त्याने त्यांना नको असताना झटके दिले. यंत्र गरोदर बाईचा विचार करून बनवलेलंच नव्हतं. त्या आज सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही खुल्या सॉफ्टवेअरसाठी काम करणारी संस्था चालवतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, किंवा नुसतीच किंचाळत सुटले असते.

तर हे सगळं डोक्यात घेऊन फेसबुक उघडलं आणि पहिलीच पोस्ट आपल्याच एका मित्राची. 'परदेशी ॲप काढून टाका, आपल्या देशाचं वापरा, हेच डिजिटल स्वातंत्र्य!' खाली झेंड्यांची रांग.

अरे बाबा.

त्याची भीती खोटी नाही, एवढं मी म्हणेन. २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवे या चिनी कंपनीला काळ्या यादीत टाकलं आणि त्यांच्या नव्या फोनवरून गूगलची ॲप गेली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर अमेरिकेने निर्बंध लावले आणि त्यांचं मायक्रोसॉफ्टचं ईमेल बंद पडल्याची बातमी आली. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, आम्ही न्यायालयाची सेवा थांबवली नव्हती. बरं, नसेल थांबवली. मग तेच न्यायालय वर्ष संपायच्या आत ओपनडेस्क या खुल्या कोडच्या ऑफिस-सॉफ्टवेअर संचाकडे का निघालं? त्याच वर्षी जुलैमध्ये नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीवर युरोपीय संघाचे निर्बंध आले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. म्हणजे निर्बंध लागणार ब्रसेल्समध्ये, सेवा थांबवणार अमेरिकन कंपनी, आणि ईमेल अडणार भलत्याच देशात. हे सत्तेचं राजकारण नाही तर काय आहे? पूर्वी बंदरं अडवायचे, आता लॉगिन अडवतात.

पण याच्यातून 'आपल्या देशाची कंपनी आणा' एवढाच धडा घ्यायचा? आईच्या मशीनची कंपनी कुठल्या देशाची आहे हे मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण त्याने तिला ऐकू येण्यात काडीचा फरक पडत नाही. कुलूप देशी असलं तरी किल्ली माझ्याकडे नाही ती नाहीच. उलट देशी कंपनीच्या मालकाला देशी मंत्र्याचा एक फोन पुरतो, आणि परदेशी कंपनीवर निदान चार जण आरडाओरडा तरी करतात. जे लोक सरकारने इंटरनेट बंद केलं की माझ्याबरोबर चिडतात, तेच लोक बंद कोडचं देशी ॲप आलं की टाळ्या वाजवतात, हे मला खरंच झेपत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या असतात. आत काय चाललंय ते कुणी परकं माणूस तपासू शकतं का? कंपनीने हात झटकले तर दुसरं कुणी दुरुस्त करू शकतं का? आणि मला माझं सगळं घेऊन उठून जाता येतं का? या तिन्हींना 'नाही' असेल तर तुमचा झेंडा तुमच्यापाशी.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. आईचा तो 'सपोर्टेड नसलेला' फोन अँड्रॉइडचा आहे, म्हणजे त्याच्या पोटात लिनक्स ही फोन-कंप्युटर चालवणारी मूळ प्रणाली आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं, जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं, कुणीही उघडून वाचावं असं, म्हणजे ओपन सोर्स, लिनक्स. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकंप्युटरांच्या यादीतला एकूण एक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर त्याला कॅन्सर म्हणाले होते, आणि आज त्याच मायक्रोसॉफ्टचा क्लाउड लिनक्सवाचून हलत नाही. ओपन सोर्स जिंकलं हो! जिंकलं, आणि तरी आईच्या हातात काय आलं? 'ठीक आहे' लिहिलेलं एक बटण.

कारण पाया सगळ्यांचा असला तरी वरची दारं त्यांची आहेत. ॲप स्टोअर त्यांचं, सर्व्हर त्यांचा, अपडेटवर सही त्यांची. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर आता फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरांचीच ॲप बसवता येतील, २०२६ मध्ये चार देशांपासून सुरुवात. स्टोअरबाहेरूनही नाही! ओरड झाल्यावर म्हणाले, बरं, जाणकारांसाठी एक वाट ठेवू. ठेवू म्हणे. पैसे देऊन घेतलेल्या फोनमध्ये काय घालायचं याची वाट ते आपल्याला ठेवणार.

कोड नुसता उघडा असून भागत नाही, तो घेऊन वेगळं होण्याची ताकद लागते. ही ताकद खरी असते, बरं का. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि तिच्याकडच्या ओपनऑफिस या खुल्या ऑफिस-सॉफ्टवेअरचं काय होणार अशी धाकधूक सुरू झाली. तिथल्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोड उचलला आणि लिबरऑफिस उभं केलं. कोर्ट नाही, मोर्चा नाही, परवानगी नाही. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने परवाना बदलला, तर त्याच महिन्यात वाल्की नावाचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन निघालेला वेगळा प्रकल्प, उभा राहिला. मालक कितीही मोठा असो, 'आम्ही चाललो' असं म्हणता येणं आणि खरोखर जाता येणं, याच्याइतका धाक दुसऱ्या कशाचा नसतो. मतदानात तरी आपण दुसरं काय करतो?

(आता कुणीतरी म्हणेल की वाल्कीच्या मागेही ॲमेझॉन-गूगल होतेच. होते. माहीत आहे.)

चहा घेऊन आले, जरा बरं वाटतंय. आईला सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "अगं, ऐकू येतंय ना थोडं? मग कशाला एवढी चिडतेस?" तिच्या पिढीला यंत्राचे उपकार वाटतात. माझ्या पिढीला सवय झालीये. दोन्ही वाईटच.

पण सगळेच असे नसतात. मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबापांचं बघा. २०१३ च्या सुमाराला ग्लुकोज मोजणारा सेन्सर मुलाच्या अंगावर असायचा, आकडा मात्र जवळच्या छोट्या रिसीव्हरवरच दिसायचा. मूल शाळेत, बाप ऑफिसात, आणि आकडा मुलाच्या दप्तरात. तर एका इंजिनियर बापाने तो आकडा बाहेर काढून स्वतःच्या फोनवर आणला. त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं, कोड सगळ्यांना खुला. 'वुई आर नॉट वेटिंग' ही त्यांची घोषणा. डेना लुईस या बाईंना स्वतःला मधुमेह. झोपेत साखर उतरली तर गजर ऐकूच यायचा नाही अशी त्यांची भीती. त्यांनी आणि साथीदारांनी पुढे पंपाला आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करायला लावणारी ओपनएपीएस ही प्रणाली बांधली आणि २०१५ मध्ये खुली केली. कंपन्या नाकं मुरडत होत्या. आणि जानेवारी २०२३ मध्ये अशाच लोकांच्या कामातून आलेल्या टाइडपूल लूप या ॲपला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाची मंजुरी मिळाली. हे वाचताना माझे डोळे भरून येतात, दर वेळी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलेलं काम आहे ते.

ओपन सोर्समध्ये सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सचा गाभा (कर्नल) सांभाळणाऱ्यांच्या, म्हणजे मेंटेनरांच्या, यादीतून काही रशियन नावं निर्बंधांच्या कारणाने काढली गेली. म्हणजे राजकारण तिथेही पोचतं. फरक एवढाच की नावं काढली तरी कोड काढून घेता आला नाही.

आणि एक्सझेड. त्याच वर्षी मार्चमधली ही भानगड लक्षात आहे ना? फाइली दाबून लहान करणारं एक छोटं साधन, सांभाळणारा मुख्यतः एकच थकलेला माणूस, बिनपगारी. कुणीतरी खोट्या नावाने दोन-अडीच वर्षं त्याला मदत करत विश्वास कमावला आणि शेवटी चोरदरवाजा घुसवला. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने, आणि तेही दूरच्या कंप्युटरवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून. कोड उघडा होता म्हणून त्याला खोलात जाता आलं, हे खरं. पण त्या थकलेल्या माणसाच्या कामावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांनी त्याला कधी विचारलं होतं का, बाबा रे, मदत हवी का? याचा विचार आला की पुन्हा डोकं तापतं. फुकट मिळालं की त्याला 'इकोसिस्टीम' म्हणायचं आणि आपलं ते 'गोपनीय'!

सरकारांनी ठरवलं तर होतं, नाही असं नाही. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य लिबरऑफिसकडे गेलं, २०२५ मध्ये त्यांनी चाळीस हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टवरून हलवले. म्युनिकने २००३ मध्ये हेच ठरवून २०१७ मध्ये शेपूट घातलं, तेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तोंडावर फेकेल.

मला एवढं मोठं काही नकोय. माझी मागणी साधी आहे. शरीराला लागणाऱ्या यंत्राचा सपोर्ट ज्या दिवशी बंद, त्या दिवशी त्याच्याशी बोलायची भाषा जाहीर. कायद्याने. कंपनीला नको असेल तर तिने सपोर्ट चालू ठेवावा.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एक काम आहे, आणि त्यासाठी माणूस हवाय. भाच्याच्या नव्या फोनवर ते ॲप चालतंय (तो फोन आईला देऊन टाक म्हटलं तर भाचा पळून गेला). अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ब्लूटूथ एचसीआय स्नूप लॉग' असं एक बटण असतं. ते चालू करून मी आवाज एकेक पायरी वर-खाली केला आणि मशीनकडे काय जातं त्याची फाइल काढली. वायरशार्क या असा संवाद वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडते, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. श्रवणतज्ज्ञांनी केलेल्या ट्यूनिंगला मी हात लावणार नाहीये, फक्त आवाज आणि प्रोग्राम बदलायच्या कमांड ओळखायच्या आहेत. कुणाला ब्लूटूथ लो एनर्जीचं (कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) कळत असेल तर इनबॉक्समध्ये या. फाइल तयार आहे, जे निघेल ते सगळ्यांसाठी खुलं टाकू. आणि 'नवा फोन घे की' असं ज्यांना लिहायचंय त्यांनी कृपया आज नको, उद्या लिहा.