तुरीची फुलं मधमाश्या पाडत नाहीत

ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला काकांची तूर फुलोऱ्यावर आली नाही तोच तो दरवर्षीचा मेसेज त्यांच्या फोनवर येऊन थडकला. 'मधमाशी रस शोषते म्हणून तुरीचं फूल गळतं. सकाळी दहाला, माश्या बसलेल्या असताना फवारा. तुरीला शेंग धरायला माशी लागतच नाही. फुलावरच्या लाल रेघा हा रोग.' काकांनी पंप धुऊनही ठेवला. मग मात्र माझं डोकं फिरलं.

लाल रेघांचं आधी उरकतो. बऱ्याच वाणांच्या पिवळ्या पाकळीवर त्या असतातच. वाणाच्या रंगावर कसलं औषध मारणार?

'माशी लागत नाही' हे अर्धं खरं आहे, मानावं लागतं. तुरीचे परागकोश फूल उमलण्याआधी, कळीतच फुटतात आणि बरंचसं परागण आतल्या आत होऊन जातं. पण म्हणून माशी शत्रू कशी? ती फुलावर बसली की भाराने खालच्या जोडपाकळ्या दबतात, पराग तिच्या अंगाला लागतात आणि दुसऱ्या झाडावर जातात. एवढंच तिचं पाप! आपल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाचा आरव्ही आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशासाठी आला. त्याचं बियाणं करताना मादी ओळींतल्या, म्हणजे ज्यांवर बी धरायचं त्या झाडांना कामाचे पराग येतच नाहीत. शेजारच्या ओळीतून ते आणायचे माश्यांनीच. माशीने फूल गळत असतं तर तिथे एक शेंग धरली नसती.

मग फुलं गळतात का? गळणारच. तूर पोसता येतील त्याच्या कितीतरी पट फुलं काढते आणि बहुतेक टाकून देते. त्यात ढगाळ हवा किंवा शेतात साचलेलं पाणी असेल तर आणखी.

आणि सकाळी दहाचा फवारा? हे लिहिणाऱ्याला शेतात उभं करायला हवं. शेंगा पोखरणारी अळी फुलोऱ्यातच येते, तिच्यासाठी औषध लागतं, नाही कोण म्हणतं? पण माश्या बसलेल्या असताना मारलं तर माश्या मरतात, अळ्या खाणारे किडेही मरतात. शिवाय मोहरी फुलली की मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात लोक मधाच्या पेट्या घेऊन येतात, त्यांच्या माश्या तुमच्या-आमच्या शेतांवरच फिरणार. तेव्हा काका, आधी झाडं हलवून अळ्या पाहा. नुकसान होण्याइतक्या दिसल्या तरच औषध, आणि तेही ऊन उतरल्यावर, माश्या परतल्यावर.