पुढे उतरणार का?

गेल्या रविवारी कळव्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांचे घर भाड्याने देण्यास नकार दिला. भाड्यावरून वाद झाला नव्हता, डिपॉझिटवरून झाला नव्हता, आणि आम्ही मासे खातो की नाही या चौकशीपर्यंत तर गोष्ट पोचलीच नव्हती. "तुम्हाला प्रवास जमणार नाही," एवढेच ते म्हणाले. बावीस वर्षे रोज ठाण्याहून फोर्टला जाऊन येणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले, आणि तेही कपात अर्धा चहा शिल्लक असताना, म्हणजे तडक उठून जाण्याचीही सोय नव्हती.

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डर भाड्यापोटी जी रक्कम देणार आहे, तिच्यात नौपाड्यात फार तर स्कूटर उभी करण्यापुरती जागा मिळेल. माझे ऑफिस फोर्टमध्ये, बायकोचे ऐरोलीला आणि मुलीची दहावीची शाळा नौपाड्यात. या त्रिकोणाच्या आत कोठेतरी परवडणारे दोन खोल्यांचे घर असलेच पाहिजे, अशी स्वतःची समजूत घालून आम्ही दोन महिन्यांचे सगळे रविवार खर्ची घातले.

घोडबंदर रस्त्यावरचे प्रत्येक घर स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर असते. मानपाडा पंधरा मिनिटे, वाघबीळ पंधरा मिनिटे आणि त्याच्याही पलीकडचे कासारवडवली पंधरा मिनिटेच. मधले किलोमीटर कोठे जिरतात ते एजंटालाच ठाऊक. ही मिनिटे बहुधा पहाटे तीन वाजता, कापूरबावडीचा चौक झोपलेला असताना मोजलेली असावीत. वडाळा-कासारवडवली मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. मेट्रोचे तिकीट काढण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले भाडेकरू घरभाड्यातून त्या मेट्रोचे पैसे भरू लागले, हे मी मित्रांच्या अनुभवावरून सांगतो. खारघर बायकोला मनापासून आवडले, कारण तिथे पदपथावर माणसाला चालता येते, आणि बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून खरोखर धावते. परंतु दहावीच्या मुलीला रोज तिथून नौपाड्याला पाठवण्याची आमची छाती झाली नाही. घणसोलीहून फोर्टला जायचे तर आधी उलटे ठाण्याला यायचे, नाहीतर वाशीला गाडी बदलून हार्बर पकडायची. थोडक्यात, ज्या घरातून तिघांनाही वेळेवर पोचता येईल ते परवडत नव्हते, आणि जे परवडत होते तिथून कोणीतरी एक जण कायमचा लेट होणार होता.

शेवटी उरले कळवा. आमची आई हयात असती तर "खाडीपलीकडे?" असे म्हणून तिने पदराने तोंड झाकले असते. नौपाड्यातली माणसे अमेरिकेला सहज जातात, खाडी ओलांडताना मात्र त्यांना देशांतर केल्यासारखे वाटते. वास्तविक ठाण्याच्या पुढचेच स्टेशन, महापालिकाही तीच. पण ठाण्याला फास्ट गाडी थांबते आणि कळव्याला ती भोंगा वाजवून निघून जाते, एवढ्या एका फरकावर भाडे झपकन खाली येते. घराच्या भिंती, नळाचे पाणी आणि खिडकीतला वारा यांची किंमत त्यात फारशी नसते; आपण महिन्याच्या महिन्याला भाडे भरतो ते एका गाडीच्या थांबण्याचे.

घर चांगले होते. मालकांना सगळे नाना म्हणत. ते स्वतः खालच्या मजल्यावर राहत आणि वरचे घर भाड्याने देत. एजंट मुलगा, मी आणि माझी बायको असे तिघे सोफ्यावर ओळीने बसलो. नानांनी पगार विचारला नाही, गाव विचारले नाही. चष्मा पुसून त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"तुमची गाडी कोणती?"

"आमच्याकडे स्कूटर आहे," मी म्हणालो.

एजंटाने मला कोपराने ढोसले. नाना शांतपणे म्हणाले, "सकाळची. लोकल."

"तसं काही ठरलेलं नाही. जी मिळेल ती."

नानांनी कप खाली ठेवला. ज्या माणसाला कुलदैवत माहीत नाही त्याच्याकडे भटजींनी पाहावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "चौतीस वर्षांत माझी एकच गाडी होती," ते म्हणाले. "ती रद्द झाली तर मी रजा टाकायचो. डबा कोणता?"

"मधला... बहुतेक."

"सीएसएमटीला जिना कुठे येतो, त्यावर डबा ठरतो. बहुतेकवर ठरत नाही. बरं, कळव्यात राहायला आलात, सकाळी गाडी कुठून पकडाल?"

हा प्रश्न फारच सोपा होता. "कळव्याहून," मी आत्मविश्वासाने सांगितले.

आतून काकूंचा सुस्कारा ऐकू आला. नानांनी मला समजावून सांगितले की कळव्याला गाडी येते ती कल्याण-डोंबिवलीची माणसे काठोकाठ भरून, आणि म्हणून कळव्यातला शहाणा माणूस सकाळी कळव्याहून गाडी पकडतच नाही. तो रिक्षाने पूल ओलांडून ठाण्याला जातो आणि ठाण्याहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून जातो. हे त्यांनी अशा आवाजात सांगितले की मला एकदम सातवीतले भूमितीचे सर आठवले. मी बावीस वर्षांच्या प्रवासाचा दाखला पुढे केला. त्यावर ते म्हणाले, "ठाण्याहून जाता ना? त्याला प्रवास म्हणत नाहीत. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तिच्या चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते. डब्याला तीससुद्धा नाहीत. तुम्ही त्या चारशेंपैकी आहात."

यानंतर प्रात्यक्षिक झाले. मी हे खोटे सांगत नाही, आणि एजंटाला विचारल्यास तोही नाकारणार नाही. बैठकीच्या खोलीतून बाल्कनीकडे जाण्यासाठी एक चिंचोळी वाट होती, तिच्या एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला बेसिन होते. हा डबा. बाल्कनी म्हणजे कळव्याचा फलाट. फ्रिजपाशी नाना स्वतः उभे राहिले, बेसिनला टेकून काकू हातात भाजीची सुरी तशीच घेऊन उभ्या राहिल्या आणि मध्ये एजंट पाय फाकून उभा राहिला. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली पणाला लागलेली असतानाही त्या मुलाने गर्दीची भूमिका किती तन्मयतेने केली हे मी विसरणार नाही. "ठाणं गेलं," नानांनी घोषणा केली. "आता उतरा."

मी खांद्याला बॅग लावून पुढे झालो आणि एजंटाला म्हणालो, "एक्सक्यूज मी."

"संपलं!" नाना ओरडले. "एक्सक्यूज मी म्हणणारा माणूस मुंब्र्याला उतरतो. ठाण्याच्या आधीपासून विचारायचं असतं, पुढे उतरणार का? आणि बॅग पाठीला? पाठीवरची बॅग म्हणजे दुसरा माणूस. त्याचा वेगळा पास काढलाय का?"

मी हसलो. तिघांपैकी कोणीच हसले नाही. मग नानांनी आवाज उतरवून विचारले, "दारात उभे राहता का?"

"कधी कधी. वारा लागतो."

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली आणि त्यांतली काही दगावली, तेव्हा नानांचा भाडेकरू त्याच वेळेच्या प्रवासात होता. संध्याकाळी तो सुखरूप परतला, पण महिनाभरात घर सोडून गावी निघून गेला. नानांनी हे दोन वाक्यांत सांगितले आणि पुढे म्हणाले की आधीचे दोघेही असेच थकून गेले; दर वेळी नवा अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, आणि शिवाय जाणाऱ्याचे तोंड बघवत नाही. त्यामुळे आता ते आधीच पारखून घेतात.

त्या क्षणी मला नानांचा राग आला नाही, तो नंतर खाडीच्या पुलावर रिक्षात आला. निम्मा पगार भाड्यात घालून शिवाय परीक्षाही मीच द्यायची, हा कोणता न्याय? कचेऱ्या मुंबईच्या टोकाला ठेवायच्या, माणसांना कर्जत-कसाऱ्यापर्यंत ढकलत न्यायचे आणि मग दारात लटकू नका अशी फलाटावर दिवसभर उद्घोषणा करायची. लटकायची हौस कोणाला असते? आत जागा असती तर तो वारा मी पंख्याखाली बसून घेतला असता.

पण खरा अपमान अजून सांगायचा राहिला आहे. नाना आणि मी असे बोलत असताना माझी बायको, जी इतका वेळ एक शब्दही बोलली नव्हती, घर पाहायला म्हणून उठली. तिने पर्स पोटाशी घेतली, खांदा किंचित तिरका केला, एजंटाला "पुढे?" असे एकाक्षरी वाटावे इतक्या वेगाने विचारले, काकूंच्या सुरीखालून वाकून गेली आणि बाल्कनीत जाऊन कुंड्या पाहू लागली. रोज ऐरोलीच्या गाडीत संध्याकाळी काय चालते ते मी तिला कधी विचारलेच नव्हते. नाना बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"यांना घर द्यायला माझी हरकत नाही," ते एजंटाला म्हणाले. "करार बाईंच्या नावाने करा."

"आणि साहेब?" एजंटाने विचारले.

"कुटुंबात लिहा."

कराराचा मसुदा कालच आला. त्यात माझे नाव मुलीच्या नावानंतर आहे.

काल संध्याकाळी मी ऑफिसातून निघताना ठरवले की सरावासाठी म्हणून एकदा कळव्याला उतरून पाहावे. स्लो गाडी पकडली, बॅग पोटाशी घेतली आणि मुलुंड सुटताच समोरच्या गृहस्थांना ठणठणीत आवाजात विचारले, "पुढे उतरणार का?" ते हो म्हणाले. मी निश्चिंत झालो. ते ठाण्याला उतरले. त्यांच्या जागी ठाण्याला जो लोंढा आत आला, त्याने मला बॅगेसकट उचलून समोरच्या दारापर्यंत नेले, आणि कळव्याचा फलाट माझ्या पाठीमागच्या बाजूने आला व गेला. मी तोंडातून "एक्सक्यूज मी" निघू दिले नाही, याचे श्रेय मला मिळायला हवे.

मुंब्र्याहून रिक्षाने घरी यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. ऑफिसात उशीर झाला, असे मी बायकोला सांगितले. तिने माझ्या बॅगेच्या तुटलेल्या पट्ट्याकडे पाहिले, सुईदोरा काढून टेबलावर ठेवला आणि पोळ्या करायला आत गेली.