डॉक्टरांनी बंदुकीत नाक खुपसू नये?

‘माणूस मारतो, बंदूक नाही. डॉक्टरांनी आपलं काम पाहावं.’ अमेरिकेतलं हे पालुपद. नोव्हेंबर २०१८मध्ये तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनने (बंदूकधारकांची बडी संघटना) बंदुकांवर बोलणाऱ्या डॉक्टरांना जवळपास असंच सुनावलं, तेव्हा शल्यचिकित्सकांनी रक्ताने माखलेल्या आपल्या कपड्यांचे फोटो टाकले. फोटो बोलके होते, पण मुद्दे शिल्लक राहतात.

‘हे काम पोलिसांचं.’ २०२१मध्ये तिथे गोळीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तिथे पोलीस पोचतात ते पंचनाम्याला.

‘ज्याला मरायचंय तो कसाही मरेल.’ सगळ्यात चिवट गैरसमज हाच, कारण तो शहाणपणासारखा वाटतो. इस्रायली सैन्यातली तरुण पोरं आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६मध्ये ती छावणीतच ठेवायचा नियम झाला. त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. गंमत म्हणजे (शब्द बरा नाही, पण असो) ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली; कामाच्या दिवशी फारसा फरक नाही. नोकरी तीच, ताण तोच, तरी ‘दुसरा मार्ग’ बहुतेकांनी शोधला नाही. जीव द्यावासा वाटण्याची घडी अनेकदा थोडा वेळच टिकते; तेवढ्यात हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. आपल्याकडे फवारणीचं औषध घरात ठेवू नका म्हणतात, त्यामागेही हेच.

‘आमची कपाटावर असते, मुलांना पत्ता नाही.’ लाडवांचा डबा कपाटावर ठेवून पाहिलेल्या आईला विचारा. बंदूक रिकामी आणि कुलपात, गोळ्या वेगळ्या आणि त्याही कुलपात: असं ठेवणाऱ्या घरांत मुलांना गोळी लागण्याचा धोका कमी असल्याचं अमेरिकेतल्या २००५च्या अभ्यासात दिसलं. बंदूक काढून घ्या, असं इथे कुणी म्हणत नाहीये. गाड्यांवर तरी कुणी बंदी घातली? पट्टे आले, एअरबॅग आल्या. तिथल्या १ ते १९ वयोगटात २०२० पासून वाहन अपघातांपेक्षा गोळीने अधिक मुलं दगावतात.

‘मग ठोस पुरावा कुठाय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. १९९६च्या डिकी दुरुस्तीनंतर (सरकारी आरोग्यनिधी बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये, अशी अमेरिकी कायद्यातली अट) तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, बंदुकीच्या बळींवरच्या संशोधनातून जवळपास दोन दशकं अंग काढून घेतलं होतं. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या माजी खासदार जे डिकींनीच २०१२मध्ये लेख लिहून संशोधनाची बाजू घेतली. २०२०च्या अंदाजपत्रकात अखेर या संशोधनाला अडीच कोटी डॉलर मिळाले.