बत्तीस बोअर आणि जनकगंजचा कट्टा

ग्वाल्हेरला 'कट्टा' हा शब्द जपून वापरावा लागतो. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने एकदा ऑटोवाल्याला "कट्ट्यावर सोड" म्हटलं, तर तो ऑटो थांबवून मागे वळून बघायला लागला. इकडच्या हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. जनकगंजातली आम्ही मराठी मंडळी मात्र बंद गिरणीसमोरच्या दगडी ओट्याला कट्टाच म्हणतो. गेल्या रविवारी तिथे वाद झाला तो हत्यारांवरूनच, आणि त्यात माझं एक मत साफ खोटं ठरलं. म्हणून नीट लिहून काढतोय.

निमित्त बाळ्याचं. त्याचा हत्याराचा परवाना आला. पहिला अर्ज त्याने २०१९ साली केला होता, तेव्हा इथे अर्जदाराला दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा सेल्फी द्यावा लागे. पुढे गोशाळेला दहा घोंगड्या द्यायची अटही निघाली. बाळ्याने दोन्ही केलं. त्यातले दोन कडुनिंब आता त्याच्या डोक्याच्या वर गेलेत. दाल बाजारात त्याची आडत आहे, संध्याकाळी रोकड घेऊन स्कूटरवर घरी येतो, तेव्हा गरज खरी आहे. कुणाच्या लग्नात मिरवायला त्याला हत्यार नकोय.

"लाख-सव्वालाखाच्या आत काय घेऊ ते सांगा," तो म्हणाला. "स्वस्त घेतलं आणि ऐनवेळी चाललं नाही तर?"

मनोहर लगेच म्हणाला, "स्वस्त घेऊच नकोस." त्याच्याकडे आजोबांचं वॉल्थर पीपी आहे, वारसा परवान्यावर आलेलं. "थोडा थांब, पैसे जमव आणि जुनं परदेशी घे. ते पोलाद आता होत नाही."

इथे मी तोंड घातलं. परदेशी हत्यारांचे भाव पोलादामुळे चढलेले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयातच बंद आहे. आहेत तेवढीच हत्यारं हातोहात फिरतात, म्हणून चाळीस-पन्नास वर्षांची पिस्तुलं कित्येक लाखांना जातात. तो भाव दुर्मिळपणाचा. अशा पिस्तुलाच्या मॅगझिनची स्प्रिंग बसली किंवा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेलं काडतूस ओढून काढणारा आकडा, तुटला तर नवा भाग आणायचा कुठून?

"आमचं कधी अडकलं नाही," मनोहर म्हणाला.

"किती गोळ्या झाडल्यास?" नानांनी विचारलं.

नाना फौजेच्या दुरुस्ती विभागात, ईएमईला, आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते, बावीस वर्षं. कमी बोलतात. मनोहर जरा वेळ बोटं मोजत बसला. आजोबांचं माहीत नाही, वडिलांनी दसऱ्याला पूजा केली, त्याने स्वतः एकूण सात झाडल्या.

"मग ते अडकेल कधी?"

वादाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात परवान्याची हत्यारं इतकी आहेत की खांद्यावर दुनाळी लटकवलेला माणूस दुधाच्या रांगेत दिसला तरी कुणी वळून बघत नाही. प्रत्येकाकडे ठाम मत तयार असतं, हे उत्तम, ते फालतू. पण ते मत बनतं कशावर? हातात घेऊन तोलण्यावर, निकेलच्या चकाकीवर, काकांनी काय सांगितलं त्यावर. हत्याराचा भरवसा झाडलेल्या गोळ्यांवर मोजायचा असतो, आणि आपल्याकडे तेवढंच कुणी करत नाही.

मनोहरचा भाचा ओहायोत आहे. त्याच राज्यात मॅन्सफिल्डला हाय-पॉइंट नावाचं पिस्तूल तयार होतं, दोनशे डॉलरच्या आसपास मिळणारं, तिकडचं सगळ्यात स्वस्त म्हणून ओळखलं जाणारं. त्याची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, जस्ताच्या मिश्रधातूची असते. आत नळी कुलूपबंद करणारी यंत्रणा नाही, धक्का नुसत्या वजनावर पेलायचा, म्हणून ते विटेसारखं जड आणि बोजड. लोक नावं ठेवतात. पण कंपनीची हमी आजन्म आहे, मालक पहिला असो की पाचवा. भाच्याने ते घेतलं आणि पहिल्या महिन्यातच दोनशे गोळ्या रेंजवर संपवल्या. तिथल्या मालकांचा साधा रिवाज आहे, दोनशे गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय त्या हत्याराबद्दल बोलायचं नाही. ब्राझीलच्या टॉरसचंही असंच. हातातून पडलं तर गोळी सुटते, या तक्रारीवरून त्यांच्या नऊ मॉडेलांबाबत अमेरिकेत खटला झाला आणि २०१५ साली तडजोड झाली. त्यानंतर त्याच कंपनीचं जी-टू-सी आलं, तर हजारो गोळ्या झाडलेल्या मालकांनी त्याला चांगलं म्हटलं. मत बदललं ते वापरून बदललं.

"पण ती सगळी नऊ एमएम," बाळ्या म्हणाला. "आपल्याला काय उपयोग?"

बरोबर. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, आणि नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. सामान्य परवान्यावर छोट्या हत्यारात मुख्यतः बत्तीस, म्हणजे .३२ इंच, नाहीतर बावीस. आणि बत्तीसमध्येही एक फसगत आहे, जी बाळ्याला माहीत नव्हती. पिस्तुलाचं बत्तीसचं काडतूस आखूड, ७.६५ बाय १७ मिलिमीटर. रिव्हॉल्वरचं 'बत्तीस लाँग', तेवीस मिलिमीटर लांबीचं. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. परवान्यावर नुसतं '.३२' वाचून चुकीची डबी घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

मग रिव्हॉल्वरांची गाडी सुरू झाली. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं बत्तीसचं रिव्हॉल्वर, जुन्या ब्रिटिश वेबलीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडतं, सहा गोळ्यांचं. कानपूरच्याच सरकारी आयुध कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' काढलं, वजन फक्त ५०० ग्रॅम, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. बसने कामावर जाणाऱ्या बाईला लाख रुपयांचं हत्यार सुरक्षितता म्हणून दाखवायचं? ईशापूरच्या कारखान्याचं बावीस बोअरचं 'निडर' त्या मानाने पस्तीस हजारांत आणि अडीचशे ग्रॅमचं होतं. पुढे वेबली अँड स्कॉटने हरदोई जिल्ह्यात संडील्याला कारखाना काढला. २०२३च्या ऑगस्टमध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आलं, ७०० ग्रॅमचं, सिलिंडर बाजूला उघडणारं, पन्नास मीटरच्या पल्ल्याचं सांगितलं गेलेलं.

"पन्नास मीटर!" बाळ्याचे डोळे चमकले.

"स्कूटरवर तुला कोण पन्नास मीटरवरून अडवणारे?" नाना म्हणाले. "पाच मीटरवर तुझा हात स्थिर राहतो का, ते बघ. आणि हलकं हलकं करू नकोस. जितकं हलकं तितका झटका जास्त. झटका जास्त की माणूस सराव टाळतो."

चापाबद्दलही ते बोलले. रिव्हॉल्वरचा घोडा हाताने चढवून चाप ओढला तर हलका लागतो, थेट ओढला तर जड. ते जडपण दोष नाही, तेच त्याचं कुलूप आहे. पण त्याची बोटाला सवय नसेल तर गोळी खाली आणि डावीकडे जाते, आणि मग मालक म्हणतो, हत्यार वाकडं मारतं.

एवढ्यात चहा देणारा पोरगा गंमत म्हणून बोलून गेला, "भैया, इतने पैसे क्यों, उधर गाँव में तो कुछ हज़ार में..." पुढे त्याला बोलूच दिलं नाही. बेकायदा हत्यार बाळगलं तर किमान दोन वर्षांची कैद आहे. आणि आमच्या गल्लीतला एक मुलगा आज डाव्या हाताने सही करतो, कारण गावठी नळी त्याच्या उजव्या मुठीतच फुटली. स्वस्त हत्यार आणि ते, या दोन गोष्टी एका वाक्यात घेऊच नयेत.

मनोहरला अजून पोलाद सुटत नव्हतं. "इटालियन बघा ना, बेरेटा..."

नानांनी ग्लास खाली ठेवला. "ते नाव इथे नको, मनोहर."

बाळ्याचा पुतण्या शेजारी बसला होता, विशीतला. त्याने विचारलं का, तेव्हा नानांनीच सांगितलं. २० जानेवारी १९४८ला गांधीजींना मारायचा दिल्लीतला पहिला प्रयत्न फसला. हाताशी असलेल्या हत्यारांचा भरवसा नव्हता, म्हणून गोडसे आणि आपटे चांगलं पिस्तूल शोधत ग्वाल्हेरला आले. २८ जानेवारीला इथून बेरेटा घेऊन गेले. तिसाव्या तारखेला गांधीजी गेले. "भरवशाचं हत्यार शोधत आले, आणि ते त्यांना आपल्या गावात मिळालं, मराठी घरांतून ओळखी काढून," नाना म्हणाले. "माझ्या वडिलांनी त्यानंतर परवाना परत करून टाकला." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुरैन्याची गजक पुडीत तशीच पडून राहिली.

मग बाळ्याने हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं सांग ना. तू तर म्हणतोस स्वस्त रिव्हॉल्वर म्हणजे फसवणूक."

म्हणत होतो, दोन वर्षं म्हणत होतो. २०२३च्या विधानसभा निवडणुकीत आचारसंहिता लागली तेव्हा सगळ्यांसारखं मीही हत्यार जमा केलं, निकालानंतर परत आणलं, आणि रायफल क्लबच्या रेंजवर सहा गोळ्या भरल्या. चार सुटल्या. दोनदा नुसतं 'टक'. रेंजवाल्याने नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबवलं, कधीकधी गोळी उशिरा पेटते म्हणून. काही झालं नाही. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलो, पैसे वाचवायला गेलो आणि ऐनवेळी दगा देणारं हत्यार पदरी पडलं. दोघांनी माझं ऐकून आपला बेत बदलला.

"त्या दोन काडतुसांचा फोटो काढला होतास?" नानांनी विचारलं.

काढला होता. त्यांनी माझा फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो मोठा केला. काडतुसाच्या बुडाशी मधोमध तांब्याच्या रंगाची टोपी, प्राइमर, आणि तिच्यात पिनने पाडलेला खड्डा. "सुटलेल्या चारांचा आहे का?" तोही होता, एकाच ओळीत ठेवून काढलेला. नानांनी सहाही खड्डे एकेक करून पाहिले. मग फोन माझ्यापुढे धरला.

"बघ. सगळे सारखेच खोल, सगळे मधोमध. पिनने आपलं काम सहाही वेळा केलंय. स्प्रिंग मेली असती तर या दोघांवर नुसता ओरखडा दिसला असता. दोष काडतुसाचा आहे. तेल किती घालतोस?"

मी तेल भरपूर घालायचो. गोळ्या भरलेल्याच ठेवून वरून सिलिंडरवर थेंब सोडायचो, गंजू नये म्हणून. वडील तसंच करायचे. तेच तेल हळूहळू टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि आतली दारू मारून टाकतं. शिवाय काडतुसं किती जुनी, तर मला नक्की सांगताच येईना. मी निकाल देऊन बसलो होतो तो चांगल्या हत्याराविरुद्ध, स्वतःच्या हलगर्जीपणाच्या पुराव्यावर. आणि त्या निकालावर दोघांनी लाखाच्या वर खर्च केला, एकाने तर कर्ज काढून. हे मला लागलं, अजून लागतंय.

"ठेवतोस कशात?" नाना.

"चामड्याच्या म्यानात. कपाटात."

"आज काढ."

बाळ्याचा हिशेब मग आम्ही पाटीवर नाही पण पुडीच्या कागदावर मांडला. पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून ४० टक्के झालाय. मूळ किंमत लाखाची धरली तरी करच चाळीस हजार. म्हणून नानांचं म्हणणं पडलं की साध्या पोलादाचं, जुन्या बनावटीचं, एकाच मालकाने वापरलेलं, सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर बघ. उघडून सिलिंडर आणि नळी एका रेषेत येतात का, घोडा चढवल्यावर सिलिंडर डुगडुगतो का, नळीत खड्डे आहेत का, हे विकणाऱ्यासमोर तपास. जे पैसे उरतील त्यांची काडतुसं घे. एका काडतुसाला शंभरावर पडतात, हे खरं आहे. परवान्यावरच्या मर्यादेत बसतील तेवढी घे आणि रेंजवर संपव. मनोहरने मान हलवली नाही, पण विरोधही केला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "वॉल्थर रेंजवर न्यायला परवानगी कशी घ्यायची, नाना?"

"आणि लग्नात हवेत नाही," नानांनी बाळ्याला बजावलं. २०१९च्या दुरुस्तीपासून हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवलीत. बाळ्या म्हणाला, मला एकच पुरे.

घरी येऊन मी कपाट उघडलं. म्यानाच्या पट्ट्यावर काडतुसं खोचायच्या चामडी घड्या आहेत, वडिलांनी शिवून घेतलेल्या. पहिलं काडतूस ओढलं तर निघेना. पिळून काढलं, तेव्हा पितळेवर चामडं लागलं होतं तेवढ्या जागेत हिरवी कळंक चढलेली होती, बोटाला चिकटणारी. अठराच्या अठरांवर. रिव्हॉल्वर मात्र आतून कोरडं, नळी लख्ख. ते सुती कापडात गुंडाळून वरच्या खणात ठेवलं, काडतुसं वेगळ्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली, 'भरायची नाहीत, गन हाउसला द्यायची'. मग माझं ऐकून बेत बदललेल्या त्या दोघांपैकी एकाला फोन लावला. दुसऱ्याला उद्या सकाळी लावणार आहे.