म्हणे, चमकणारं पापलेट घेऊ नका!

रविवारी मामीने कोळणीला दारातूनच परत पाठवलं. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड: 'समुद्रातलं सनस्क्रीन माशांत उतरलंय. चमकणारं पापलेट म्हणजे क्रीमचा थर, घेऊ नका. घेतलंच तर तासभर हळद-मिठाच्या पाण्यात ठेवा, विष निघून जातं. अमेरिकेने म्हणूनच बंदी घातली.' वहिनीला सातवा महिना, त्यामुळे घरात मासळीच बंद.

आधी त्या चमकेचं बोलू. पापलेटाच्या अंगावरची चांदी ही त्याच्या कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांची. क्रीम निघायच्या कितीतरी आधीपासूनची. मासा शिळा व्हायला लागला की ती मंदावते, डोळे आत जातात, लाल कल्ले तपकिरी पडतात. 40 वर्षं मामी कल्ला उचलून, बोटाने दाबून मासे घेत आली आणि आता एका फॉरवर्डपायी निस्तेज पापलेट शोधणार? पोट बिघडलंच तर या सल्ल्याने बिघडेल, सनस्क्रीनने नाही.

हळद-मिठाने वास जातो. सनस्क्रीनमधली ऑक्टोक्रिलीनसारखी रसायनं चरबीत मुरतात, ती पाण्याने कशी धुऊन निघतील?

बंदी अमेरिकेतल्या हवाई या एका राज्याची, 1 जानेवारी 2021 पासूनची, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर. तीही प्रवाळ वाचावं म्हणून. मासे खाण्याशी तिचा संबंध नाही.

बरं, माशांत ही रसायनं सापडतात, एवढं मान्य. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वित्झर्लंडमधल्या सांडपाणी येणाऱ्या नद्यांतल्या ट्राउट माशांत एक ग्रॅम चरबीमागे जास्तीत जास्त 2400 नॅनोग्रॅम ऑक्टोक्रिलीन मिळालं होतं. 100 ग्रॅमच्या तुकडीत 5 ग्रॅम चरबी धरा, म्हणजे झालं 12 मायक्रोग्रॅम. वहिनी रोज तोंडाला ग्रॅमभर क्रीम चोपडते. त्यात 5 टक्के ऑक्टोक्रिलीन असलं तर तेच 50,000 मायक्रोग्रॅम! लावणं आणि खाणं एक नव्हे, कबूल. पण लावलेलंही रक्तात उतरतं, हे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2019 आणि 2020 मध्ये मोजून दाखवलंय, आणि तरीही सनस्क्रीन बंद करा असं म्हटलेलं नाही.

गरोदरपणात माशांबद्दल विचारायचंच तर पाऱ्याचं विचारावं. मुशीसारखे मोठे शिकारी मासे त्यासाठी टाळायला सांगतात. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.

उद्या कोळीण आली की बांगडे मी घेणार. कल्ले मामीच बघेल.