‘भाषा गेली की विचार गेला’, हे कुणी सांगितलं?

काकांना स्ट्रोक येऊन सात महिने झाले. उजवा हात अजून नीट चालत नाही आणि बोलण्यात ‘हो’, ‘अरे’ आणि ‘ते ते’ एवढंच उरलंय. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात.

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर ‘भाषा म्हणजेच मन’ नावाचा फॉरवर्ड आला. त्यात म्हटलंय की माणूस शब्दांतच विचार करतो. ज्या गोष्टीला भाषेत शब्द नाही ती त्याला जाणवतही नाही. डाव्या मेंदूत भाषा आणि तर्क, उजव्यात कला. जुन्या काळचा संस्कृत व्याकरणकार भर्तृहरी, त्यानेही हेच सांगून ठेवलंय. आणि म्हणून ज्याची भाषा गेली त्याच्या आत विचार उरत नाही, त्याला तान्ह्या बाळासारखं सांभाळा, प्रश्न विचारून त्रास देऊ नका. काकूने तो वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून काकांना काही विचारायचंच थांबवलं. कुठला शर्ट घालायचा, टीव्ही चालू ठेवू की बंद करू, काहीच नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण खरं नुकसान तोच करतोय.

भाषा मेंदूच्या कुठल्या भागात असते हे ज्या रुग्णामुळे पहिल्यांदा ठामपणे मांडता आलं, त्याच्याकडेच आधी बघा. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला तपासलं. हा माणूस कशालाही उत्तर म्हणून ‘तां तां’ एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला ‘तां’च म्हणत. ब्रोकाने त्याला विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो चिडला, कारण आपली परीक्षा चाललीय हे त्याच्या लक्षात आलं होतं. ब्रोकाने हे स्वतः नोंदवून ठेवलंय. समोरचा आपल्याला का विचारतोय हे ओळखून ज्याला राग येतो, त्याच्या आत विचार नाही असं कोण म्हणेल?

आमच्या घरातलं सांगतो. रविवारी सगळे बसून दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब करत होतो. काका खुर्चीत बाजूला होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने माझ्यासमोरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली, खालची बेरीज खोडली आणि वेड्यावाकड्या आकड्यांत नवी लिहिली. मी हातचा एक विसरलो होतो. ‘सात’ म्हणून दाखवा म्हटलं तर त्यांना आजही म्हणता येत नाही.

असं सगळ्यांच्याच बाबतीत होत नाही. मेंदूला इजा कुठे आणि किती झाली यावर ते अवलंबून असतं, काहींचं गणितही जातं. पण काका जगावेगळे नाहीत. 2005 साली संशोधक रोझमेरी वार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघात झालेल्या तीन जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी कुणाला मारलं, हे वाक्याच्या रचनेवरून ओळखणं या तिघांना जमत नव्हतं. पण 59 मधून 13 वजा करणं आणि 13 मधून 59 वजा करणं यातला फरक त्यांना नेमका कळत होता. कंसातली गणितंही ते सोडवत होते.

आणि सर्जनाचं काय? रशियन संगीतकार विस्सारिओन शेबालिन यांना 1953 आणि 1959 मध्ये असे दोन स्ट्रोक आले. दुसऱ्यानंतर बोलणं आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं, दोन्ही फार बिघडलं. तरी ते संगीत रचत राहिले आणि 1962 मध्ये त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. त्यांच्यावरचा अभ्यास अलेक्झांडर लुरिया या मेंदूतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत 1965 मध्ये प्रसिद्ध केला.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नसेल तर 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला एव्हेलिना फेडोरेंको, स्टीव्हन पियान्टाडोसी आणि एडवर्ड गिब्सन या संशोधकांचा लेख आहे. वाचाघाताचे रुग्ण आणि मेंदूचे स्कॅन या दोन्ही बाजूंचा पुरावा त्यांनी एकत्र मांडलाय. आपण गणित करतो, तर्काचं कोडं सोडवतो, तेव्हा मेंदूतलं भाषेचं जाळं जवळजवळ शांत असतं. भाषा मुख्यतः दुसऱ्यापर्यंत पोचण्याचं साधन आहे, विचारांचा कारखाना नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. फॉरवर्डमध्ये ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ एवढं एकच वाक्य आहे. कुठे, कधी, कुणी, काही नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. लहानपणी कुठलीच भाषा मिळाली नाही, उदाहरणार्थ बहिऱ्या मुलाला वेळेवर खुणांची भाषा मिळाली नाही, तर त्याचं मोठं नुकसान होतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायलाही ते मूल उशिरा शिकतं. विचार वाढायला भाषेची मदत होते, भरपूर होते. पण आयुष्यभर भाषा वापरलेल्या माणसाची वाचा म्हातारपणी गेली, तर तिच्याबरोबर त्याचा विचारही पुसला जातो, हे त्यातून निघत नाही.

आता बाकीचे मुद्दे. शब्द नाही तर जाणीवही नाही, यासाठी नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे एस्किमोंकडे बर्फाला शेकडो शब्द. ही फुगवत नेलेली गोष्ट आहे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने 1911 मध्ये चार मूळ शब्दांचं उदाहरण दिलं होतं, पुढे सांगणाऱ्यांनी आकडा वाढवला. रंगांच्या बाबतीत थोडं तथ्य आहे. रशियनमध्ये फिक्या आणि गडद निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत, आणि 2007 च्या एका प्रयोगात रशियन लोकांनी त्या सीमेच्या अल्याडपल्याडच्या छटा थोड्या लवकर वेगळ्या ओळखल्या. थोड्या लवकर, एवढंच. दोन्ही छटांना निळाच म्हणणाऱ्यालाही त्या दिसतातच.

डाव्या-उजव्या मेंदूचं म्हणाल, तर बहुतेकांची भाषा डावीकडे असते हे खरं. पण ‘उजव्या मेंदूची माणसं’ नावाचा प्रकार नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात 2013 मध्ये हजाराहून अधिक लोकांचे स्कॅन तपासले, त्यात असे दोन गट सापडले नाहीत.

भर्तृहरीचं मात्र वाईट वाटलं. शब्दाशिवाय ज्ञान नाही असं तो म्हणतो, हे खरंय. पण त्याचा शब्द म्हणजे तोंडातून बाहेर पडणारा आवाज नव्हे. पश्यंती (अजून शब्दांत न उतरलेली), मध्यमा (मनातल्या मनात शब्दांत आलेली) आणि वैखरी असे वाणीचे स्तर तो मानतो, आणि अजून बोलता न येणाऱ्या बाळातही शब्दाचा संस्कार असतो असं म्हणतो. तोंडून बोलली जाते ती वैखरी. तिच्यात बिघाड झालेला माणूस आतून रिकामा, हे भर्तृहरीच्या माथी मारणं चूक आहे.

काकू, तू त्यांना विचारत जा. एका वेळी एकच प्रश्न, छोट्या वाक्यात, टीव्ही बंद करून. ‘कुठला शर्ट?’ असं नुसतं विचारू नकोस, दोन शर्ट समोर धर. ‘हो’ म्हणाले तरी मान कशी हलतेय तेही बघ, कधीकधी त्यांचं ‘हो’ म्हणजे ‘नाही’ असतं. कागद-पेन्सिल हाताशी असू दे. आणि विचारल्यावर थांब, मनातल्या मनात दहा मोजेपर्यंत तरी. आपण तिसऱ्या सेकंदालाच स्वतः उत्तर देऊन मोकळे होतो.